पाटावरची कुस्ती

आमच्या घरी मीठ सांडलं की आई ओरडायची, आणि वसंतकाका ते मुद्दाम सांडायचे. दिवेलागणीला हातपाय धुऊन ते माजघरात पाट मांडत. पाटावर काथ्याची दोरी गोल करून चिकटवलेली होती, तो आखाडा. लाकडाचे दोन ठेंगणे पैलवान त्या दोरीच्या आत समोरासमोर उभे करायचे, डब्यातून चिमूटभर मीठ घ्यायचं आणि आखाड्यावर भुरभुरायचं. "तिकडे असंच करतात, वहिनी. मीठ टाकल्याशिवाय पैलवान आत पाय ठेवत नाही." आई लाटण्यासकट बाहेर यायची. "तिकडे करू देत. माझ्या घरात मीठ पायदळी येता कामा नये, भाऊजी. सांगून ठेवते." हा वाद पुष्कळ चालला आणि शेवटी तह झाला: मिठाऐवजी अक्षता. तेव्हापासून झाशीत, माणिक चौकामागच्या गल्लीत, दुकानावरच्या आमच्या माडीवर जपानचे पैलवान अक्षतांवर झुंजू लागले. बाहेर मंदिराची घंटा, खाली शटर ओढल्याचा आवाज, लांबून इंजिनाची शिटी, आणि मधे पाटावर फाशांची टकटक. माझ्या लहानपणच्या संध्याकाळी अशा होत्या.

वसंतकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. रेल्वेच्या कारखान्यात फोरमन, लग्न न केलेले, आणि इथल्या आमच्या चार मराठी घरांत जपान पाहिलेले एकटे. मी लहान असताना कारखान्याने त्यांना काही महिने तिकडे शिकायला धाडलं होतं. लोक परदेशातून ट्रान्झिस्टर आणतात, साड्या आणतात. काकांनी आणला सुमो कुस्तीच्या एका स्पर्धेचा छापील तक्ता. आई महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. सुमो म्हणजे काय, ते आता शेजारचा मुलगा मला मोबाईलवर दाखवतो, पण आम्हाला ते काकांनी तेव्हाच पाठ करून घेतलं होतं. हत्तीएवढाले पैलवान, दोरीचा गोल, जो गोलाबाहेर गेला किंवा ज्याचं पायाशिवाय काहीही जमिनीला टेकलं तो हरला. रोज प्रत्येकाची एकच कुस्ती, असे पंधरा दिवस, आणि ज्याच्या कुस्त्या जास्त त्याची स्पर्धा. काका त्यातला एक दिवस प्रत्यक्ष जाऊन बघून आले होते, बाकीचे वसतिगृहाच्या टीव्हीवर पाहिले. शेवटच्या दिवशी सगळ्यात मोठा पैलवान जिंकला आणि एक काटकुळा दुसरा आला, आणि ही गोष्ट काकांच्या मनाला लागली ती लागलीच. "जिंकायला नको होता गं तो. पाय सुटला होता त्याचा. तीच कुस्ती पुन्हा पुन्हा लावली ना, तर अर्ध्या वेळा तरी काटकुळा मारेल." हे तपासून पाहायला म्हणून त्यांनी हा खेळ बनवला, आणि दरवर्षी घटस्थापनेच्या आगेमागे ती अख्खी स्पर्धा पहिल्या दिवसापासून पाटावर पुन्हा खेळायची असा आमच्या घरचा रिवाजच पडला. कुणाकडे भोंडला असतो, आमच्याकडे सुमो.

जपानी नावं काकांनाच धड म्हणता येत नसत, म्हणून पैलवानांना घरगुती नावं होती. मोठा तो डोंगर. काटकुळा तो सुतळी. बडा बाज़ारातल्या मिठाईवाल्यासारखं पोट असलेला हलवाई, आणि नेहमी खाली मान घालून हरणारा मुनीमजी. अर्धे पैलवान पूर्वेचे, डोंगर त्यांतला; अर्धे पश्चिमेचे, सुतळी त्यांतला. पूर्वेचा फासा लाल रंगवलेला, पश्चिमेचा कोरा, नुसत्या लाकडाचा, कारण रंगाची डबी पहिल्याच फाशात संपली आणि काका पुन्हा आणायला गेले नाहीत. प्रत्येक पैलवानाचं पुठ्ठ्याचं कार्ड होतं, त्यावर त्याचा जोर लिहिलेला. दोरीच्या आत रेघा मारून घरं आखलेली होती. दोघांचे फासे टाकायचे, जोर मिळवायचा, ज्याचा आकडा मोठा त्याने दुसऱ्याला एक घर मागे रेटायचं. सहा पडला तर जोर दुप्पट. दोरीबाहेर गेला की कुस्ती संपली. भिंतीवर काकांचा तक्ता टांगलेला असे. जिंकला की त्याच्या नावापुढे आईच्या पाकिटातली लाल टिकली, हरला की काळी. आईच्या टिकल्या आश्विन लागला की गायब व्हायच्या.

आता अप्पा. माझ्या वडिलांचं माणिक चौकात कापडाचं दुकान होतं आणि ते कसं चाललं हे मला आजही कळलेलं नाही. बाई दोन थान समोर ठेवून विचारी, "भैयाजी, कौनसा अच्छा लगेगा?" तर अप्पा पाच मिनिटं दोन्हींकडे बघत आणि म्हणत, "दोनों अच्छे हैं, बहनजी." बाई वैतागून शेजारच्या दुकानात जाई. त्यांना ठरवता यायचं नाही. मत नव्हतं असं नाही, पण ठरवायची वेळ आली की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. म्हणून घरातलं सगळं देवापुढे चिठ्ठ्या टाकून व्हायचं. दोन कागद, दोन घड्या, गणपतीपुढे ठेवायच्या, आणि घरातल्या लहान मुलाने एक उचलायची. माझं कुमुद हे नावसुद्धा चिठ्ठीत निघालं. सदर बाज़ारात दुसरं दुकान घ्यायचं त्यांच्या फार मनात होतं, पण चिठ्ठी 'नको' अशी निघाली. त्यांनी ब्र काढला नाही. पुढे कितीतरी वर्षं त्या दुकानावरून जाताना ते चालता चालता थांबायचे, आत बघायचे आणि पुन्हा चालायला लागायचे. चिठ्ठीच्या विरुद्ध माझे वडील एकदाही गेले नव्हते, हे मला सांगायचंय.

आणि मी? माझ्यात त्यांचा एकही गुण उतरला नाही. मला एका जागी बसवत नसे. अंगाने मी थोराड, सतराव्या-अठराव्या वर्षी काकांचे सदरे मला खांद्यात घट्ट होत. आई म्हणायची, "बस गं जरा, फरशी झिजेल." मी जिना चढायची, गच्चीवर जायची, खाली यायची, पुन्हा चढायची. कारखान्यातून काकांनी एक लोखंडी गोळा आणून दिला होता, तो घेऊन पहाटे किल्ल्याखालच्या मैदानात फेकायला जायची. गल्लीतल्या चाची ओट्यावरून हाक मारायच्या, "काए बिन्नू, आज फिर पथरा फेंकबे जा रईं? ब्याह के बाद का फेंकहौ?" मी म्हणायची, "दूल्हे को." चाची पदर तोंडाला लावून हसायच्या आणि दुपारी येऊन तेच आईला सांगायच्या.

त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत माझा गोळा असा काही गेला की ग्वाल्हेरहून आलेल्या एक बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. तिकडे मुलींसाठी खेळाचं वसतिगृह होतं, त्या तिथे शिकवायच्या. माझा दंड त्यांनी असा चाचपला जसा अप्पा कापड चाचपायचे. "दिवाळी के बाद आ जाओ. पिताजी से पूछ लो." बस्स, तेव्हापासून मी घरात राहत नव्हतेच, नुसती वावरत होते. आणि नेमकं त्याच आठवड्यात समथरचं स्थळ आलं. आपल्यातलेच लोक, चार पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेले, घरचा पेट्रोल पंप. मुलगा वाईट नव्हता हो. बघायला आला तेव्हा माझ्याकडे न बघता सगळा वेळ कपबशीकडे बघत होता बिचारा. पण त्याच्या आईने मला उभं करून मागूनपुढून पाहिलं आणि म्हणाली, "अंगाने भरलेली आहे, कामाला बरी." मी आत जाऊन पोह्यांचा चमचा असा दाबला की तो वाकला. त्यांनाही दिवाळीच्या आत उत्तर हवं होतं.

अप्पांच्या कपाळावर घाम. एकदा म्हणायचे, पोरीची हौस आहे, जाऊ दे. संध्याकाळी म्हणायचे, घर चांगलं आहे, असं स्थळ परत यायचं नाही. शेवटी त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. पण उचलणार कोण? आजवर घरातलं लहान मूल मीच होते, आणि माझीच चिठ्ठी मी कशी उचलणार. म्हणून चाचींची दीड वर्षाची नात आणून गणपतीपुढे बसवली. अप्पा हात जोडून डोळे मिटून उभे, आई उभी, मी दाराला धरून उभी. त्या कार्टीने दोन्ही चिठ्ठ्या उचलल्या आणि तोंडात घातल्या. आईने बोट घालून काढल्या तर त्यांचा पार लगदा झाला होता. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. अप्पांना यातलं काहीच येत नव्हतं. ते तसेच देवापुढे उभे, "आता काय करायचं?"

त्याच संध्याकाळी काकांनी पाट मांडला होता. पहिला दिवस. अप्पा दुकान बंद करून वर आले, टोपी खुंटीला लावली, आणि रोजच्यासारखे आडून आडून बघत उभे राहिले. मग एकाएकी काकांना म्हणाले, "वसंता, हे दोघं अगदी बरोबरीचे का रे? डोंगर आणि सुतळी?" काका म्हणाले, "दादा, तेच तर म्हणतोय इतकी वर्षं. सारखे आहेत. फिफ्टी-फिफ्टी." अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, देवघराकडे पाहिलं. "मग ऐका. या खेपेला सुतळी स्पर्धा जिंकला तर कुमी ग्वाल्हेरला जाईल. डोंगर जिंकला तर समथरला होकार. दुसराच कुणी जिंकला तर परत चिठ्ठ्या." काकांचा फासा टाकायला उचललेला हात तसाच वर राहिला. "दादा, हा खेळ आहे," ते म्हणाले. "चिठ्ठीपेक्षा बरा," अप्पा म्हणाले. "याला कुणी खाऊ शकत नाही."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मला वाट बघता येत नाही, आजही येत नाही. दूध तापायला ठेवलं तरी मी तीनदा झाकण उघडते. आणि काकांचा नियम म्हणजे एका संध्याकाळी एकच दिवस. मी त्यांच्या हातापाया पडले. "काका, सगळ्या कुस्त्या आजच उरकून टाकू या ना!" "तिकडे ते रोज थांबत होते, इथे आपणही थांबायचं." अशी संतापायची मी! संध्याकाळी त्या दिवसाच्या कुस्त्यांचे फासे पडायचे, टिकल्या चिकटायच्या, पाट भिंतीला लागायचा आणि मग पुढची संध्याकाळ उजाडेपर्यंत मी घरभर फिरायची. नवरात्राचे उपास चालू होते. आई शिंगाड्याच्या पिठाची थालीपिठं लावायची, समा के चावल, म्हणजे आपली वरी, शिजवायची, वर दाण्याची आमटी, आणि मला घास गिळायचा नाही. सुतळी एक जिंकायचा, एक हरायचा. डोंगर रेटत चालला होता. समथरहून कुणीतरी निरोप आणला की मुलाच्या आईला मुलगी पसंत आहे, फक्त ते फेकाफेकीचं लग्नाआधी बंद व्हावं. गोळा मी पलंगाखाली ढकलून दिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला.

मग आली खंडेनवमी. आमच्या घरात त्या दिवशी घरातलं झाडून सगळं अवजार पुजलं जायचं. दुकानातला गज, कात्री, आईचं शिवणयंत्र, काकांची हातोडी, पाने, विळी, खलबत्ता, माझा गोळा. आईने त्या वर्षी काकांना न विचारता फाशांचा डबा उघडला. पोरीचं नशीब ज्यांच्यावर टांगलंय त्यांची पूजा नको? तिने दोन्ही फासे ताम्हनात ठेवले, पंचामृताने अंघोळ घातली, पाणी घातलं, गंध लावलं, अक्षता वाहिल्या. पुजलेलं अवजार दसऱ्यापर्यंत वापरायचं नाही, त्यामुळे ते तसेच ताम्हनातल्या ओलीत राहिले, त्या संध्याकाळी कुस्ती नाही. मी गच्चीवर जाऊन आले, खाली आले, पुन्हा वर गेले.

दसऱ्याला पुरण होतं. शमीची पानं वाटून झाली, लोक सोनं देऊन गेले, आणि काकांनी पाट मांडला. सुतळीची कुस्ती होती हलवायाशी. कोरा फासा पडला, सहा. पुन्हा सहा. तिसऱ्यांदाही सहा. हलवाई दोरीबाहेर. मी ओरडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा. तिसऱ्या दिवशीही. सुतळीपुढे लाल टिकल्यांची रांग लागली. डोंगर एका पश्चिमेवाल्याकडून आपटला आणि मागे पडला. मी नाचत होते, आई ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहात होती आणि अप्पा, खरं सांगते, अप्पांचा चेहरा रोज थोडा थोडा उजळत होता. मला तेव्हा फक्त सुतळी दिसत होता. काकांना पूर्ण तक्ता दिसत होता. पश्चिमेचे सगळेच जिंकत होते. जन्मात कधी लागोपाठ दोन कुस्त्या न मारलेला मुनीमजीसुद्धा लाल टिकल्या लावून बसला होता.

रविवारी सकाळी काका कोरा फासा घेऊन गच्चीवर बसले. मी वर गेले तर ते नुसते टाकत होते, उचलत होते, टाकत होते, आणि खडूने फरशीवर रेघा ओढत होते. सहाच्या रेघांची पार जाळी झाली होती. ते खाली आले, अप्पा पेपर वाचत होते, आई भाजी निवडत होती. "हा फासा आता खरा नाही," काका म्हणाले. "एकाच्या बाजूने याने पाणी प्यायलंय. भोकात गंध भरून वाळलंय. ती बाजू जड झाली, खाली बसते, आणि सहा वर येतो. लाल फाशाला रंग होता म्हणून तो वाचला. दसऱ्यापासूनच्या सगळ्या कुस्त्या रद्द."

"खोटा?" आई ताडकन उठली. मेथीच्या काड्या सगळीकडे उडाल्या. "देवापुढे ठेवलेला फासा खोटा? जिभेला काही हाड, भाऊजी?"

"वहिनी, तुम्ही त्याला अंघोळ घातलीत."

"मग? तुमच्या हातोडीला नाही घातली?"

"हातोडी पाणी पीत नाही."

"मी म्हणते, पूजा झाली आणि सहा पडायला लागले, यात वाईट काय झालं? देवाच्या मनात असेल तर तुम्ही कोण नाही म्हणणारे?" मी ग्वाल्हेरला जावं असं तिला वाटतं की नाही, हे ती तोवर एका शब्दाने बोलली नव्हती. ते मला त्या सकाळी कळलं, मेथीच्या काड्यांमध्ये.

माझं तर डोकंच फिरलं. "तुम्ही माझे काका आहात की त्या लाकडाचे?" मी ओरडले. "कुणी मागितलं होतं तपासायला?" काका माझ्यावर कधी चिडत नसत, तेव्हाही चिडले नाहीत. "तुझाच आहे गं. दिवाळीनंतर कधी दादाला हे कळलं, तर त्याला वाटेल कौल फसवून घेतला. तुला अर्ध्यातून परत आणेल. ओळखतेस ना तू त्याला?" ओळखत होते. म्हणून तर जास्त राग आला. मी त्यांच्याशी बोलायचं बंद केलं आणि त्यांचं ताटसुद्धा घेतलं नाही. आम्ही सगळे अप्पांकडे बघत राहिलो. अप्पांनी पेपरची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. घाम. "रद्द म्हणजे रद्द," ते म्हणाले, "नव्याने टाका." त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला होता, आणि मला वाटलं, तो माझ्यावरचा राग आहे.

काकांनी कारखान्यातून दोन नवे फासे करून आणले, दोन्ही रंगवलेले. भिंतीवरच्या दसऱ्यापासूनच्या टिकल्या नखाने खरवडून काढल्या. आणि पुन्हा रोज एक दिवस. मी या वेळी खोलीत बसत नव्हते, दाराबाहेर जिन्यावर बसून नुसती टकटक ऐकायची, आणि आतून कुणी काही बोललं नाही तर आत डोकावायची. पण काका म्हणाले होते ते खरं होतं, दोघं सारखेच होते. सुतळीने एकामागून एक मारल्या, सहाशिवाय मारल्या, चिकाटीने, एकेक घर रेटत. डोंगरानेही मारल्या. शेवटच्या दिवशी दोघांच्या लाल टिकल्या बरोबरीत होत्या, आणि तिकडच्या खऱ्या स्पर्धेप्रमाणे शेवटची कुस्ती त्यांचीच. हा फासाही खोटा असता तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

त्या संध्याकाळी अप्पांनी दुकान लवकर बंद केलं. आईने गॅसवर दूध ठेवलं होतं ते ती विसरली. काकांनी अक्षता टाकल्या. पहिला फासा सुतळीचा, मोठा. डोंगर एक घर मागे. दुसराही सुतळीचा. डोंगराची टाच दोरीला टेकली. अजून एक, एवढाच एक, आणि माझी ट्रंक भरायची. काकांनी डोंगराचा फासा टाकला. सहा. सुतळी मागे. पुन्हा टाकला. पुन्हा सहा. नवा फासा, रंगवलेला, त्याला कुणी अंघोळ घातली नव्हती, आणि त्याने दोनदा सहा टाकला. तिसऱ्या फाशाला सुतळी दोरीबाहेर होता. स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला, पण कुणी उठलं नाही.

काकांनी टिकल्यांच्या पाकिटातून काळी टिकली काढली. तेवढ्यात अप्पा म्हणाले, "थांब. परत टाक."

"दादा, कुस्ती झाली."

"परत टाक म्हणतो ना!" अप्पा आवाज चढवून बोललेले मी कधी ऐकले नव्हते. ते खाली बसले, धोतर सावरलं, पैलवान पुन्हा मधोमध ठेवले आणि फासे स्वतःच्या हातात घेतले. टाकले. सुतळी हरला. पुन्हा मांडले, पुन्हा टाकले, फासे पाटावरून उडून भिंतीला लागले. पुन्हा हरला. आई हळूच म्हणाली, "अहो, कौल एकदाच लावतात." अप्पांनी ऐकलं नाही. आणखी एकदा टाकले. सुतळीचा एक पडला. ते फाशाकडे बघत बसले. मग त्यांनी हात पुढे केला, डोंगराला उचललं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. पाटावर सुतळी एकटा उरला.

"आता कोण जिंकलं?" त्यांनी काकांना विचारलं.

"दादा, असं कसं..."

"आखाड्यात कोण उभं आहे, ते सांग."

"सुतळी."

"झालं तर मग. लाव लाल टिकली. कुमी ग्वाल्हेरला जाईल. समथरला मी उद्या स्वतः जाऊन सांगतो."

"अहो, पण कौल?" आईने विचारलं.

"कौल बघितला मी," अप्पा म्हणाले. "मला नाही आवडला."

हे बोलले आणि त्यांचं सगळं अवसान गेलं. कपाळावर घाम. त्यांनी देवघराकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली, एखाद्या मुलाने मास्तरांकडून वळवावी तशी. काका टिकली हातात घेऊन बसले होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मग अप्पा माझ्याकडे वळले. एक हात खिशावर होता, आत डोंगर होता. "बरोबर केलं ना गं मी, कुमी?"

मला काय ठाऊक! मी अठरा वर्षांची, घर सोडून एक रात्र कुठे राहिले नव्हते. इतके दिवस जायचं, जायचं म्हणून सगळ्यांचा जीव खाल्ला होता, आणि आता खरंच जायचं म्हटल्यावर हातपाय गार पडले होते. चुकलं तर आता फाशाला बोल लावता येणार नव्हता, चिठ्ठीलाही नाही. पण माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी ठरवलं होतं आणि ते भीतीने पांढरे पडले होते. त्यांना त्या क्षणी कुणीतरी हो म्हणायला हवं होतं.

"हो, अप्पा," मी म्हणाले. "बरोबर केलंत." ते परत विचारणार हे मला दिसत होतं, म्हणून मी ते आणखी एकदा म्हणाले.